शोधनिबंधावरील नाव : विविध ज्ञानशाखांतील लेखकत्वाचे संकेत आणि उत्तरदायित्व

सारांश :
शोधनिबंधाच्या शीर्षकाखाली येणाऱ्या नावांचा अर्थ सर्व ज्ञानशाखांत सारखा नसतो. गणितात नावे अकारविल्हे लावली जातात, प्रायोगिक विज्ञानांत त्यांचा क्रम कामाच्या वाट्यावर ठरतो, तर मानव्यविद्यांत बहुधा एकच नाव असते. शिक्षकाची निवड व पदोन्नती आणि संशोधक विद्यार्थ्याचे भवितव्य मात्र या नावांना एकच मोजपट्टी लावून ठरविले जाते. प्रस्तुत लेखात निरनिराळ्या ज्ञानशाखांतील लेखकत्वाच्या संकेतांचा परिचय करून दिला आहे. लेखकत्व हे श्रेयाइतकेच उत्तरदायित्वही असते आणि त्याची वाटणी कामाच्या आरंभीच लेखी स्वरूपात नोंदविली जावी, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : लेखकत्व, सहलेखक, नामक्रम, ऋणनिर्देश, मार्गदर्शक, गुणांकन, संशोधन नीती.

१. प्रस्तावना :
महाविद्यालयाच्या निवड समितीपुढे किंवा पदोन्नतीच्या छाननी समितीपुढे जेव्हा शोधनिबंधांची यादी येते, तेव्हा समितीतील सदस्य बहुधा वेगवेगळ्या विषयांचे असतात. इतिहासाच्या प्राध्यापकाला रसायनशास्त्राच्या निबंधावर सात नावे दिसली की शंका येते. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला मराठीच्या संशोधकाच्या यादीत एकही सहलेखक दिसला नाही की तो संशोधक एकांडा वाटतो. गणिताच्या निबंधावर उमेदवाराचे नाव शेवटी दिसले, तर त्याचा वाटा सर्वांत कमी असावा असा तर्क केला जातो. हे तिन्ही तर्क चुकीचे ठरू शकतात. प्रत्येक सदस्य दुसऱ्या शाखेतील नावे आपल्या शाखेच्या रीतीने वाचतो, हे त्याचे कारण होय.

बहुविद्याशाखीय संशोधनाचा पुरस्कार आज सर्वत्र केला जातो. अशा संशोधनात निरनिराळ्या शाखांचे अभ्यासक एकत्र येतात, तेव्हा त्यांच्यासोबत लेखकत्वाच्या निरनिराळ्या कल्पनाही येतात. काम संपल्यावर 'नाव कोणाचे आणि कोठे' या प्रश्नावरून मतभेद होतात आणि त्यांची झळ बहुतेक वेळा सर्वांत कनिष्ठ सहकाऱ्याला, म्हणजे संशोधक विद्यार्थ्याला बसते. म्हणून या संकेतांची स्पष्ट जाण असणे आवश्यक आहे.

२. लेखकत्वाची संकल्पना :
मराठीत 'लेखक' म्हणजे लिहिणारा. साहित्याच्या क्षेत्रात हा अर्थ पुरेसा आहे. संशोधनाच्या क्षेत्रात मात्र लेखन ही अनेक क्रियांपैकी एक क्रिया असते. प्रश्नाची मांडणी, पद्धतीची निवड, सामग्रीचे संकलन, विश्लेषण, अन्वयार्थ आणि लेखन अशा टप्प्यांतून शोधनिबंध आकारास येतो. एखाद्या शाखेत हे सर्व टप्पे एकच व्यक्ती पार पाडते, तर दुसऱ्या शाखेत प्रत्येक टप्प्यासाठी स्वतंत्र माणसे लागतात. त्यामुळे 'यातील कोणत्या क्रियेने मनुष्य लेखक ठरतो' या प्रश्नाचे उत्तर शाखेनुसार बदलते.

लेखकत्वाला दोन बाजू असतात. पहिली श्रेयाची : या ज्ञानाचा निर्माता कोण, हे त्यातून कळते. दुसरी उत्तरदायित्वाची : या निबंधातील विधान चुकीचे निघाले तर त्याचे उत्तर कोणी द्यायचे, हेही त्यातून कळते. व्यवहारात पहिल्या बाजूची चर्चा पुष्कळ होते. दुसरीची आठवण बहुधा काही अनिष्ट घडल्यावरच होते.

३. मानव्यविद्या : एकल लेखक आणि त्याच्या पाठीमागची माणसे :
भाषा, साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान या विषयांत एकल लेखकत्वाची परंपरा दृढ आहे. येथे युक्तिवाद आणि त्याची शब्दरूप मांडणी एकमेकांपासून वेगळी काढता येत नाही. म्हणूनच मार्गदर्शकाने विद्यार्थ्याच्या प्रबंधावर कितीही परिश्रम घेतले, तरी त्यातून निघालेल्या निबंधावर केवळ विद्यार्थ्याचे नाव असावे आणि मार्गदर्शकाचा उल्लेख ऋणनिर्देशात यावा, असा संकेत या विषयांत रूढ आहे.

तथापि मानव्यविद्यांत सामूहिक काम होत नाही असे नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९१९ मध्ये आरंभ झालेले हे कार्य १९६६ मध्ये पूर्ण झाले. वि. सी. सुखटणकर यांनी १९२५ पासून १९४३ मध्ये झालेल्या निधनापर्यंत प्रमुख संपादकाची धुरा वाहिली, पुढे श्री. कृ. बेलवलकर आणि प. ल. वैद्य यांनी ती सांभाळली. संपूर्ण ग्रंथ एका संस्थेचा असला तरी पर्वांचे संपादक निरनिराळे आहेत. आदिपर्व व आरण्यकपर्व सुखटणकरांनी, सभापर्व फ्रँकलिन एजर्टन यांनी, विराटपर्व रघुवीर यांनी, तर उद्योगपर्व सुशीलकुमार डे यांनी संपादिले. त्यामुळे कोणत्या पर्वातील पाठनिर्णयाबद्दल कोणाला विचारावे, हे आजही अभ्यासकाला ग्रंथावरूनच कळते. श्रेय आणि उत्तरदायित्व यांची इतकी नेमकी सांगड सामूहिक कामातही घालता येते, हे या आवृत्तीवरून दिसते. मराठी विश्वकोशातील नोंदींच्या अखेरीस नोंदलेखकाचे नाव देण्याची पद्धतही याच जातीची आहे.

याउलट काही माणसे मानव्यविद्यांच्या निबंधांत दिसतच नाहीत. मराठ्यांच्या इतिहासाची बहुसंख्य साधने मोडी लिपीत आहेत आणि मोडीचे वाचन प्रत्येक संशोधकाला येत नाही. अशा वेळी जाणकाराकडून कागदांचे देवनागरी लिप्यंतर करून घेतले जाते. हा जाणकार सहलेखक ठरतो काय? त्याने केवळ अक्षरे लावून दिली असतील, तर नावानिशी आणि कामाच्या उल्लेखासह ऋणनिर्देश करणे उचित होय. परंतु एखाद्या संदिग्ध शब्दाचे वाचन त्याने ठरविले असेल आणि निबंधाचा मुख्य निष्कर्ष त्या वाचनावर उभा असेल, तर तो अन्वयार्थाचा भागीदार होतो. त्याचे नाव गाळल्यास त्याच्यावर अन्याय होतोच. शिवाय ते वाचन कोणी केले हे वाचकालाही कळत नाही. हाच विचार क्षेत्रीय अभ्यासातील मुलाखतकारांना आणि बोलीभाषांच्या अभ्यासातील भाषिक साहाय्यकांना लागू पडतो.

अनुवादकाच्या बाबतीत एक प्रसंग मार्गदर्शक ठरावा. १९२४ मध्ये ढाका विद्यापीठातील सत्येंद्रनाथ बोस यांनी प्लँकच्या नियमाची नवी उपपत्ती देणारा आपला इंग्रजी निबंध आइनस्टाइन यांच्याकडे पाठविला. आइनस्टाइन यांनी स्वतः त्याचा जर्मन अनुवाद केला आणि तो 'त्साइटश्रिफ्ट फ्यूर फिजिक' या पत्रिकेत प्रसिद्ध करविला. निबंधाला त्यांनी आपले अनुकूल मत टिपेच्या रूपाने जोडले. परंतु निबंध बोस यांच्या एकट्याच्या नावाने आला. पुढे आइनस्टाइन यांनी त्या विचाराचा विस्तार केला, तो स्वतंत्र निबंधांतून. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाने कष्ट घेतले, तरी केवळ त्या कष्टांमुळे तो लेखक ठरला नाही.

४. गणित व अर्थशास्त्र : अकारविल्हे क्रम :
शुद्ध गणितात सहलेखकांची नावे आडनावांच्या रोमन वर्णानुक्रमाने देण्याचा प्रघात आहे. एखाद्या सिद्धतेत निर्णायक कल्पना कोणाची आणि तपशील कोणाचा, हे वेगळे करणे अशक्य असते, असे यामागील गृहीतक आहे. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीने २००४ मधील एका निवेदनातून हा संकेत इतर शाखांच्या माहितीसाठी मुद्दाम स्पष्ट केला आहे. हार्डी आणि रामानुजन यांच्या १९१८ च्या संयुक्त निबंधात हार्डी यांचे नाव आधी येते. त्यावरून वाट्याचे अनुमान काढता येत नाही.

हार्डी आणि लिटलवुड यांच्या दीर्घ सहकार्याचे नियम हॅराल्ड बोर यांनी नोंदविले आहेत. त्यांपैकी एक नियम असा होता की, संयुक्त नावाने येणाऱ्या निबंधात दोघांपैकी एकाने काहीही भर घातली नसली तरी त्याला महत्त्व द्यावयाचे नाही. दोन समान योग्यतेच्या गणितज्ञांमध्ये हा नियम निर्मळ मैत्रीचा ठरला. तोच नियम वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यामध्ये लावला तर तो शोषणाचा मार्ग होईल. संकेताचा अर्थ तो कोणाकोणांत पाळला जातो यावरही अवलंबून असतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

अर्थशास्त्रातही अकारविल्हे क्रम प्रचलित आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील १९७१ मधील अभ्यास 'दांडेकर-रथ' याच नावाने ओळखला जातो. हा क्रम वर्णानुक्रमाशी जुळतो. मात्र या संकेताचेही परिणाम असतात. अमेरिकेतील आघाडीच्या अर्थशास्त्र विभागांचा लिरान आइनाव आणि लीट यारिव्ह यांनी केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची आडनावे आरंभीच्या अक्षरांची आहेत, त्यांना कायम पद मिळण्याची शक्यता अधिक असल्याचे त्यात आढळले. मानसशास्त्रात, जेथे क्रम अकारविल्हे नसतो, तेथे असा परिणाम दिसला नाही. मराठी आडनावांच्या बाबतीत लिपीचाही फरक पडतो : देवनागरीत 'झोपे' हे आडनाव वर्णमालेच्या पूर्वार्धात येते, रोमन लिपीत ते अगदी शेवटी जाते.

५. प्रायोगिक विज्ञाने : पहिले नाव, शेवटचे नाव आणि हजारो नावे :
रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्राच्या बऱ्याच शाखांत पहिले नाव प्रत्यक्ष काम सर्वाधिक करणाऱ्याचे आणि शेवटचे नाव प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे, म्हणजे बहुधा मार्गदर्शकाचे, असा संकेत रूढ झाला आहे. संपादकांशी व वाचकांशी व्यवहार करणारा 'करस्पॉन्डिंग' लेखक वेगळा दर्शविला जातो. मधल्या नावांचा अर्थ सर्वांत अनिश्चित असतो.

निबंधावरील नाव आणि जगाने दिलेले श्रेय यांत अंतर पडू शकते. 'नेचर' नियतकालिकात ३१ मार्च १९२८ रोजी प्रसिद्ध झालेल्या नव्या विकिरणासंबंधीच्या टिपणावर चं. वें. रामन आणि का. श्री. कृष्णन अशी दोन नावे आहेत. १९३० चे नोबेल पारितोषिक एकट्या रामन यांना मिळाले. स्पंदक ताऱ्याच्या शोधाचा १९६८ मधील निबंध पाच जणांच्या नावे असून त्यात जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीचे नाव दुसरे आहे. त्या शोधाशी निगडित असलेले १९७४ चे नोबेल पारितोषिक अँटनी ह्यूइश यांना मार्टिन राइल यांच्यासह मिळाले, बेल यांना नाही. तरीही या दोन्ही उदाहरणांत कृष्णन आणि बेल यांच्या सहभागाची चर्चा पुढील पिढ्यांना करता आली, कारण त्यांची नावे मूळ निबंधावर होती. ज्याचे नाव मूळ निबंधावरच नाही, त्याच्या बाजूने इतिहासालाही फारसे बोलता येत नाही.

महाप्रकल्पांच्या भौतिकशास्त्रात चित्र आणखी बदलते. २०१५ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या पत्रिकेत अॅटलास आणि सीएमएस या सर्न येथील दोन प्रयोगगटांचा हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानासंबंधीचा संयुक्त निबंध आला. त्यावर ५,१५४ लेखकांची नावे होती. निबंधाच्या ३३ पृष्ठांपैकी प्रत्यक्ष संशोधनाचे विवेचन ९ पृष्ठांत होते, तर उर्वरित पृष्ठे लेखक आणि त्यांच्या संस्थांच्या यादीने व्यापली होती. गुरुत्वीय लहरींच्या पहिल्या प्रत्यक्ष नोंदीचा २०१६ मधील निबंधही एक हजाराहून अधिक जणांच्या नावे असून त्यांत पुण्याच्या आयुका या संस्थेतील शास्त्रज्ञ आहेत. त्या निबंधातील पहिले नाव 'ॲबट' असे आहे. ते वर्णानुक्रमाने पहिले आले आहे. यंत्रणा उभारणारे, ती चालविणारे, विदा तपासणारे आणि लिहिणारे या सर्वांना येथे लेखक मानले जाते. अशा निबंधाचे मूल्य एका उमेदवाराच्या यादीत कसे धरावे, हा प्रश्न छाननी समितीला पडणे स्वाभाविक आहे.

६. वैद्यक : लिखित निकषांकडे वाटचाल :
लेखकत्वाचे निकष स्पष्ट शब्दांत मांडण्याचा सर्वांत पद्धतशीर प्रयत्न वैद्यकशास्त्राने केला, कारण तेथील चुकीच्या निष्कर्षाची किंमत रुग्णाला मोजावी लागते. १९७८ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे एकत्र आलेल्या संपादकांच्या गटातून पुढे वैद्यकीय पत्रिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती आकारास आली. तिच्या निकषांनुसार लेखक म्हणविण्यासाठी चार अटी एकत्रितपणे पूर्ण व्हाव्या लागतात : (अ) संशोधनाची कल्पना, आखणी, सामग्री-संकलन किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा, (आ) मसुद्याचे लेखन किंवा त्याचे मर्मग्राही पुनर्लेखन, (इ) प्रसिद्ध होणाऱ्या अंतिम मसुद्याला मान्यता, (ई) कामाच्या अचूकतेविषयी व सचोटीविषयी प्रश्न उपस्थित झाल्यास उत्तरदायी राहण्याची तयारी. चौथी अट २०१३ मध्ये जोडण्यात आली. केवळ निधी मिळवून देणे किंवा विभागाची सर्वसाधारण देखरेख करणे एवढ्यावरून कोणी लेखक ठरत नाही.

या निकषांचा वापर एखाद्याला डावलण्यासाठी होऊ नये, अशी दक्षताही समितीने घेतली आहे. ज्याने पहिली अट पूर्ण केली आहे, त्याला मसुदा वाचण्याची व सुधारण्याची संधी दिली गेली पाहिजे. साहाय्यकाने वर्षभर सामग्री गोळा करावी आणि 'लेखनात त्याचा सहभाग नव्हता' म्हणून त्याचे नाव गाळावे, ही पळवाट त्यामुळे बंद होते.

नावांच्या क्रमातून वाटा सूचित करण्याऐवजी तो शब्दांत सांगण्याची पद्धतही आता रूढ होत आहे. 'क्रेडिट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वर्गीकरणात संकल्पना, पद्धती, विदा-व्यवस्थापन, विश्लेषण, मूळ मसुदा, पर्यवेक्षण, निधी-संपादन अशा १४ भूमिका सांगितल्या आहेत. २०२२ मध्ये या वर्गीकरणाला अमेरिकेत राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. मानव्यविद्यांना या भूमिका जशाच्या तशा लागू पडणार नाहीत. परंतु 'लिप्यंतर', 'पाठमीलन', 'मुलाखती', 'अनुवाद' अशा भूमिकांची भर घालून मराठी शोधपत्रिकांनाही अशी सूची तयार करता येईल.

७. लेखकत्वातील अपप्रकार :
लेखकत्वाचे अपप्रकार प्रामुख्याने दोन आहेत. ज्याने काम केलेले नाही त्याचे नाव घालणे हा पहिला, आणि ज्याने काम केले आहे त्याचे नाव गाळणे हा दुसरा. पहिल्या प्रकारात आदरापोटी, भीतीपोटी किंवा परतफेडीच्या अपेक्षेने नाव घातले जाते. 'एक नाव वाढले तर कोणाचे काय बिघडते' असा युक्तिवाद त्यासाठी केला जातो.

काय बिघडते, हे १९४८ च्या एका प्रसिद्ध उदाहरणावरून दिसते. विश्वाच्या आरंभकाळातील मूलद्रव्यांच्या निर्मितीवर राल्फ आल्फर या विद्यार्थ्याने जॉर्ज गॅमो यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले. निबंध पाठविताना गॅमो यांनी हान्स बेथ या ख्यातनाम शास्त्रज्ञाचे नाव मध्ये घातले. हेतू केवळ 'आल्फा, बीटा, गॅमा' असा शब्दखेळ साधण्याचा होता. बेथ यांचा त्या संशोधनात सहभाग नव्हता. निबंध १ एप्रिलच्या अंकात आला आणि विनोद गाजला. परंतु दोन नामवंतांच्या नावांमध्ये आपला वाटा झाकोळला गेला, ही खंत आल्फर यांना पुढेही राहिली. अनाठायी जोडलेले नाव नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी श्रेयातून आपली जागा काढते.

उत्तरदायित्वाच्या बाजूने पाहता २००२ मधील यान हेंड्रिक शोन यांचे प्रकरण बोलके आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या या भौतिकशास्त्रज्ञाविरुद्धच्या २४ आरोपांपैकी १६ आरोपांत चौकशी समितीला गैरवर्तन आढळले. सहलेखकांचा त्यात हात नसल्याचा निर्वाळा समितीने दिला. मात्र सहलेखक म्हणून असलेली व्यावसायिक जबाबदारी पुरेशी पार पाडली गेली काय, हा प्रश्नही तिने उपस्थित केला. यशात नाव सहभागी होते, तर तपासणीत ते का सहभागी नव्हते, असा या प्रश्नाचा आशय आहे.

अलीकडे संगणकीय कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मसुदा तयार करू लागली आहेत. २०२३ च्या आरंभी काही निबंधांवर अशा साधनाचे नाव सहलेखक म्हणून आले. त्यानंतर त्याच वर्षी प्रकाशन नीती समितीने आणि वैद्यकीय संपादकांच्या समितीने अशी साधने लेखक होऊ शकत नाहीत, असे स्पष्ट केले. साधनाला कामाचे उत्तरदायित्व घेता येत नाही, हे त्याचे कारण देण्यात आले. त्यांचा वापर केल्यास तो लेखकाने नमूद करावा लागतो. येथेही लेखनाची क्षमता आणि लेखकत्व या भिन्न गोष्टी ठरल्या.

८. गुणांकनाचे गणित :
भारतातील महाविद्यालयीन शिक्षकांच्या बाबतीत लेखकत्वाचा प्रश्न विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांशी जोडला गेला आहे. २०१० च्या विनियमांत संयुक्त निबंधाच्या एकूण गुणांची वाटणी होती : प्रथम अथवा प्रमुख लेखक आणि करस्पॉन्डिंग लेखक अथवा मार्गदर्शक यांच्यात मिळून ६० टक्के, आणि उरलेले ४० टक्के अन्य सर्वांत समान. सहलेखक वाढले की प्रत्येकाचे गुण घटत. प्रामाणिक सहकार्य करणाऱ्याचा त्यात तोटा होता.

२०१८ च्या विनियमांत ही पद्धत बदलली. समीक्षित किंवा आयोगाच्या सूचीतील शोधपत्रिकेतील निबंधास भाषा, मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे, वाणिज्य इत्यादींसाठी १० गुण, तर विज्ञान, अभियांत्रिकी, कृषी, वैद्यक इत्यादींसाठी ८ गुण ठरविण्यात आले. लेखक दोन असतील तर प्रत्येकाला ७० टक्के, आणि दोहोंपेक्षा अधिक असतील तर प्रथम, प्रमुख अथवा करस्पॉन्डिंग लेखकाला ७० टक्के व इतर प्रत्येकाला ३० टक्के, अशी तरतूद झाली. इम्पॅक्ट फॅक्टरनुसार मिळणारे वाढीव गुण येथे विचारात घेतलेले नाहीत.

या तरतुदीमुळे खऱ्या सहकार्याला प्रोत्साहन मिळाले, हे मान्य केले पाहिजे. परंतु तिचा दुसरा परिणामही साध्या अंकगणिताने दिसतो. मराठीच्या दोन प्राध्यापकांनी प्रत्येकी एक निबंध स्वतंत्रपणे लिहिला, तर प्रत्येकाला १० गुण मिळतात. त्यांनी परस्परांची नावे एकमेकांच्या निबंधावर घातली, तर प्रत्येकाला ७ अधिक ७, म्हणजे १४ गुण मिळतात. तिघांनी असे केले तर प्रत्येकाला ७, ३ आणि ३ असे १३ गुण मिळतात. एकही ओळ अधिक लिहिली गेलेली नसते, ज्ञानात कणभरही भर पडलेली नसते. गुण मात्र वाढतात. सर्वच संयुक्त निबंध असे असतात, असा याचा अर्थ नाही. परंतु ज्या व्यवस्थेत खरे सहकार्य आणि नावांची देवाणघेवाण कागदावर एकसारखी दिसतात, त्या व्यवस्थेत प्रामाणिक संशोधकाचेच नुकसान होते.

अकारविल्हे क्रम पाळणाऱ्या गणितज्ञाची अडचण वेगळी असते. अभ्यंकर, जोशी आणि झोपे या आडनावांच्या तीन गणितज्ञांनी समान वाट्याने निबंध लिहिला, असे समजू. प्रथम लेखक ही संज्ञा शब्दशः घेतली तर अभ्यंकर यांना ५.६ गुण आणि झोपे यांना २.४ गुण मिळतील. फरक केवळ आडनावाचा असेल. शाखेचा संकेत समितीला ठाऊक नसेल तर असा अन्याय नकळत होतो.

९. मार्गदर्शक आणि संशोधक विद्यार्थी :
लेखकत्वाच्या प्रश्नात सर्वांत नाजूक संबंध मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांचा असतो. आयोगाच्या २०१६ च्या विनियमांनुसार प्रबंध सादर करण्यापूर्वी पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे बंधनकारक होते. २०२२ च्या विनियमांत ही सक्ती राहिली नाही. सक्ती गेली तरी नोकरीसाठी निबंधांची गरज कायम आहे, आणि विद्यार्थ्याची स्वाक्षरी-संमती, शिष्यवृत्तीचे कागद व प्रबंधाची मान्यता मार्गदर्शकाच्या हाती असतात. अशा स्थितीत विद्यार्थी नावाचा विषय स्वतःहून काढू शकत नाही. गुरूविषयीचा आदर हा आपल्या शैक्षणिक परंपरेचा ठेवा आहे. पण आदराची जागा ऋणनिर्देशात आणि अर्पणपत्रिकेत आहे. लेखकांच्या यादीत नाव येते ते कामावरून.

याची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. प्रयोगशाळेतील विषयांत मार्गदर्शकाने प्रश्न सुचविलेला असतो, उपकरणे व पद्धती पुरविलेल्या असतात, निष्कर्ष तपासलेले असतात. तेथे विद्यार्थ्याने मार्गदर्शकाचे नाव वगळून निबंध परस्पर प्रसिद्ध करणे हेही तितकेच अनुचित होय. फ्रेड हॉइल आणि त्यांचे विद्यार्थी जयंत नारळीकर यांनी १९६४ मध्ये मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत 'हॉइल-नारळीकर' या जोडनावाने ओळखला जातो. गुरु-शिष्यांचे संयुक्त काम दोघांच्याही नावाने जगापुढे येऊ शकते, याचे हे मराठी वाचकाला जवळचे उदाहरण आहे.

१०. काही उपाययोजना :
वरील विवेचनाच्या आधारे महाविद्यालयीन पातळीवर पुढील गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत.

(१) संयुक्त संशोधनाच्या आरंभीच एका पानावर लेखक कोण, क्रम कोणत्या तत्त्वाने आणि ऋणनिर्देश कोणाचा, हे लिहून सर्वांनी स्वाक्षऱ्या कराव्यात. कामाचे स्वरूप बदलल्यास हे पान पुन्हा लिहावे.
(२) महाविद्यालयांच्या शोधपत्रिकांनी प्रत्येक संयुक्त निबंधाच्या अखेरीस प्रत्येक लेखकाच्या कामाचे दोन-तीन ओळींचे निवेदन छापावे. नामक्रम अकारविल्हे असल्यास तसे नमूद करावे.
(३) लिप्यंतरकार, अनुवादक, ग्रंथपाल, प्रयोगशाळा साहाय्यक व मुलाखतकार यांचा ऋणनिर्देश 'सर्वांचे आभार' अशा शब्दांत न करता नावानिशी व कामानिशी करावा.
(४) विद्यार्थ्याच्या प्रबंधावर आधारित निबंधात, अन्य सबळ कारण नसल्यास, विद्यार्थ्याचे नाव प्रथम असावे.
(५) छाननी समितीने उमेदवाराला त्याच्या शाखेचा संकेत विचारावा आणि निवडक निबंधांतील त्याचा वाटा त्याच्याकडूनच समजावून घ्यावा. ज्याने काम केले आहे, त्याला हे सांगणे जड जात नाही.
(६) संशोधकांनी २०१२ पासून उपलब्ध असलेल्या 'ऑर्किड' या १६ अंकी ओळखक्रमांकाचा वापर करावा. एकाच आद्याक्षराचे आणि आडनावाचे अनेक संशोधक असतात. विवाहानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकांचे आधीचे काम दुसऱ्या नावाखाली राहते. या दोन्ही प्रसंगी हा क्रमांक उपयुक्त ठरतो.

११. निष्कर्ष :
लेखकत्वाचे संकेत ज्ञानशाखेच्या कार्यपद्धतीतून निर्माण होतात. म्हणून एका शाखेचा संकेत दुसरीवर लादणे योग्य नाही. मात्र सर्व शाखांना लागू पडेल असे एक सूत्र या विवेचनातून हाती येते : ज्याला निबंधातील आपला वाटा सांगता येतो आणि त्या वाट्याबद्दलच्या प्रश्नांना उत्तर देण्याची ज्याची तयारी आहे, तोच त्या निबंधाचा लेखक होय. या सूत्राने पाहिले तर पाच हजार नावांचा निबंध प्रामाणिक असू शकतो आणि दोन नावांचा निबंध अप्रामाणिक ठरू शकतो.

गुणांकनाचे नियम बदलत राहतील. २०१० चे नियम २०१८ मध्ये बदलले, तसे तेही बदलतील. निबंधावर एकदा छापलेले नाव मात्र बदलत नाही. पुढील अभ्यासक त्या नावाला संदर्भ म्हणून स्वीकारतो, त्याच्यावर विश्वास ठेवून आपले काम पुढे नेतो. संशोधनाचा सारा व्यवहार या विश्वासावर उभा असल्याने शीर्षकाखालील ओळ लिहिताना निष्कर्षाइतकीच काळजी घेणे हे प्रत्येक संशोधकाचे कर्तव्य ठरते.